जुन्या स्टेशनाच्या जीर्णोद्धाराच्या कामाची वही (खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव)

१८ नोव्हेंबर २०२४

आज कुलूप निघालं. किल्ली कुणाकडेच सापडली नाही, म्हणून रेल्वेच्या माणसाला समोर उभं करून तोडून घेतलं. आत वटवाघळांचा वास, जमिनीवर त्यांच्या लेंड्यांचा बोटभर थर. तिकीट खिडकीच्या सागवानी फळीवर पैसे सरकवून सरकवून एक खळगा पडलाय. हात फिरवला तर ताटलीसारखा गुळगुळीत लागला. ही फळी बदलायची नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

इमारत लहानच. मास्तरची खोली, तिकिटाची खोली, मधे मुसाफिरखाना आणि फलाटाच्या बाजूला कौलारू पडवी. भिंती जांभ्याच्या, कोपरे आणि कमानी काळ्या दगडाच्या. चाळीस पावलांवर मालधक्का, त्याचं छप्पर निम्मं खाली आलेलं. लोंढा-मिरज मार्गाचं दुहेरीकरण झालं तेव्हा नवी इमारत रुळांच्या पलीकडे बांधली गेली, आणि तेव्हापासून या बाजूला कुणी फिरकलं नाही.

पडवीचे खांब म्हणजे उभे केलेले जुने रूळ आहेत. तारेच्या ब्रशने एकाचा गंज काढला तर कमरेवर इंग्रजी अक्षरं उमटली, एस. एम. आर. पुढचं साल झिजलंय, वाचता येत नाही. पण सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ सालची, आणि १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. म्हणजे हा रूळ १९०८ च्या आधीचा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर या मुलखात धान्य वेळेत पोचावं म्हणून जे लोहमार्ग आखले गेले, त्यांच्यासाठीच ही कंपनी उभी राहिली. आधी गाडीखाली झिजलेला रूळ पुढे शंभरहून जास्त वर्षं छप्पर पेलत उभा आहे. गंज काढायचा, जवसाचं तेल लावायचं, अक्षरांवर रंग चढवायचा नाही.

२ डिसेंबर

तीन दिवस मोजमाप. पिंपळाची दोन झाडं पश्चिमेच्या भिंतीत शिरलीत, एकाचं मूळ कमानीच्या किल्लीच्या दगडापर्यंत. नुसतं ओढून काढलं तर दगडही येईल. खोड कापून मूळ जागेवरच मारायचं आणि पोकळी चुन्याने भरायची.

परवानगीतली पहिली अट अशी की चालू रुळांच्या बाजूला आधी पक्कं कुंपण, मग बाकी काम. अट बरोबरच आहे. जनावरं आणि पोरं या वाटेने अजून जातात.

१० डिसेंबर

गावच्या देवळात बैठक. शंभरेक माणसं आली असतील. मी नकाशा भिंतीला लावला आणि कुणी काही विचारायच्या आत मागून आवाज आला, "धक्का पाडून तिथं गाड्या लावायला जागा करा की ओ." दुसऱ्याने सुचवलं, जुन्या इंजिनाच्या आकाराचं हॉटेल काढूया, गोव्याला जाणारे थांबतील. दोन्ही सूचना मनापासूनच्या होत्या. गावाला उत्पन्न हवंय, त्यात चूक काय?

पण धक्का पाडायचा म्हटल्यावर पुढे बसलेली एक आजी उठून उभी राहिली. ऐंशीच्या पुढची असेल. म्हणाली, "आमी आषाढीला हितनंच चढत होतो. बारक्या गाडीनं मिरजंपतोर, मिरजंत उतरून त्याच्याहून बारक्या गाडीनं पंढरपूरला. गाडी चुकली तर ह्या धक्क्यावरच भाकरी सोडायची आणि रातभर भजन. पाडतासा? पाडा. मग भजन कुठं करू ते सांगा."

नंतर कुणी पाडायचं नाव काढलं नाही.

आजी सांगते ते तंतोतंत खरं. इथली गाडी मीटरगेजची, रुळांतलं अंतर १००० मिलिमीटर. मिरजेहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची. ती मिरजेपर्यंत १९२७ मध्ये आली. पुढे मोठ्या मापाची गाडीही पुण्याकडून मिरजेत पोचली आणि तिथे तिन्ही मापं एकत्र नांदू लागली. इथले वारकरी मिरजेत पिशव्या, पडशा डोक्यावर घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर पळायचे. आता हा सगळा मार्ग १६७६ मिलिमीटरचा आहे, बदल करावा लागत नाही. त्या पळापळीची आठवण मात्र आजीच्या पिढीबरोबर जाईल.

घरी येऊन आराखडा बदलला. मी स्वतः मालधक्क्यावर फक्त 'दुरुस्ती, दुसरा टप्पा' असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे पैसे उरले तर. इमारतीवर कमानी आहेत म्हणून मी तिला वारसा समजत होते आणि धक्का नुसती शेड. आता धक्का पहिल्या टप्प्यात.

२७ डिसेंबर

काल रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग गेले. राज्यात सुट्टी, काम बंद.

बेळगावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला याच दोन दिवसांत शंभर वर्षं पूर्ण झाली. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं ते एकमेव अधिवेशन. टिळकवाडीत त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. मुंबई, पुण्याहून त्या अधिवेशनाला निघालेल्यांना बेळगाव गाठायला हाच लोहमार्ग होता.

९ जानेवारी २०२५

लोणा. इमारतीचा खरा रोग हा, आणि तो आपणच लावलेला.

केव्हातरी दुरुस्तीत जांभ्याच्या सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या आणि खाली तीन फूट उंच सिमेंटचा गिलावा मारला गेला. वरून बघायला पक्कं. जांभा पाणी पितो आणि सोडतोही. जुन्या चुन्याच्या दरजेतून ती ओल बाहेर पडायची. सिमेंटने दार बंद केल्यावर ओल दगडातूनच वर चढली, मीठ घेऊन. वाळताना मीठ दगडाच्या पोटात फुगतं आणि तोंड भुगा होऊन गळतं. पूर्वेच्या भिंतीत काही दगडांत माझी अख्खी मूठ जाते, आणि त्यांच्या चारी बाजूंनी सिमेंटची चौकट शाबूत.

गवंडी अण्णा बैलहोंगल भागातले, कन्नड बोलतात, मराठी चांगलं समजतं. त्यांनी एक खपली हातात चुरली आणि म्हणाले, "उसिरु कट्टिदे अक्का." श्वास कोंडलाय. मी यावर दोन पानांचा अहवाल लिहिला होता.

चुना ठरला तो असा. कळीचा चुना टाकीत पाण्यात विझवायचा, वर सतत पाणी ठेवून निदान महिनाभर मुरू द्यायचा. मग एक भाग चुना, दीड भाग नदीची चाळलेली वाळू, अर्धा भाग सुरखी. सुरखीसाठी पडलेल्या विटा कुटून घेतोय. पाण्यात गूळ आणि हिरडा. टाकी आज भरली. विझताना चुना उकळतो, पोरांना लांब उभं केलं. त्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी तिथेच रसायनाचा तास घेतला, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा दगड कसा होतो ते. मला फार आवडलं ते.

२१ जानेवारी

आज माझ्यामुळे नुकसान झालं, ते लिहायलाच हवं.

सिमेंट काढायला छिन्नी-हातोडीला फार वेळ लागतो. मला मार्चच्या आत भिंती उरकायच्या होत्या, म्हणून एका कोपऱ्यात ग्राइंडर चालवू दिला. अण्णांनी आधी नको म्हटलं होतं. पातं दरजेतून सरकून काळ्या दगडाच्या तीन कोनांवर गेलं आणि पांढरे ओरखडे उठले. ते आता जाणार नाहीत. जुन्या पाथरवटाने छिन्नीने मारलेल्या समांतर रेषा होत्या तिथे, त्यांच्यावर माझ्या घाईच्या तीन आडव्या रेषा.

ग्राइंडर आजपासून बंद. दिवसाला जेवढं हाताने होईल तेवढं.

१५ फेब्रुवारी

छप्पर उतरवलं. एकेक कौल खाली घेऊन उभं करून रांगा लावल्या. निम्म्याहून जास्त शाबूत आहेत. बोटाच्या पेराने ठोकलं की खणखणतं ते चांगलं, बद्द वाजतं ते बाजूला. पडवीतली काही कौलं मंगळुरी शिक्क्याची. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. बाकीची कौलं मात्र इथलीच, खानापूर तालुक्यातल्या मातीची. कौलं आणि विटा हा या भागाचा जुना धंदा, आणि ती बाहेर जायची ती याच मालधक्क्यावरून. पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) म्हणून निवृत्त झालेले मामा सांगतात, कौलांच्या वाघिणीत भाताचं पिंजर भरायचं, नाहीतर पुण्याला पोचेपर्यंत निम्मा चुरा.

कमी पडणाऱ्या कौलांसाठी खानापुरातल्या केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थेत जाऊन विचारलं. आपलं जुनं कौल नमुना म्हणून दाखवलं. जाडी आणि खाच जुळायला हवी, नाहीतर जुन्या-नव्याच्या सांध्यातून पाणी येणार.

कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी लाकडी चौकटी, सागवानी. सहापैकी चार ठीक. दोघींचे भिंतीत शिरलेले शेंडे वाळवीने पोकळ केलेत. अख्खी कैची बदलायची नाही. कुजलेला हातभर भाग कापून नव्या सागवानाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा आणि सुताराने त्यावर आजची तारीख कोरायची. पुढे कुणी बघेल तेव्हा जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळलं पाहिजे.

११ मार्च

मास्तरच्या खोलीतलं लाकडी बाक धुतलं. पाठीवर एम. एस. एम. कोरलेलं, त्याखाली पांढऱ्या रंगात एस. आर., बाजूला एस. सी. आर. सदर्न रेल्वे १९५१ ची, साउथ सेंट्रल १९६६ ची. २००३ मध्ये हुबळीला साउथ वेस्टर्न झाली तोवर हे बाक बहुधा अडगळीत गेलं असावं, कारण तिचं नाव त्याच्यावर नाही.

खरी गोष्ट नावाच्या भिंतीची. फलाटाच्या टोकाला दगडी चौथऱ्यावर स्टेशनाच्या नावाची भिंत आहे, पिवळ्यावर काळी अक्षरं. रंग पोपडे धरून सुटतोय म्हणून ओल्या फडक्याने आणि बोथट पात्याने सोडवायला घेतला. पिवळ्याखाली पुन्हा पिवळा. त्याखाली पांढरा थर, आणि त्यावर वेगळ्याच वळणाची काळी अक्षरं, मराठी, इंग्रजी, कानडी. मराठीत गावाचं नाव जसं आजी उच्चारते तसं. आता पाटीवर जे हिंदीत आहे त्यात एक अक्षर वेगळं आहे.

हा थर नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा असणार, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाचा, असं मला वाटलं आणि छातीत धडधडलं. दुपारपर्यंत गावात बातमी पोचली. संध्याकाळी दोन गट आले. एक म्हणाला, वरचे सगळे थर खरवडून खालची मराठी पाटी उघडी करा. दुसरा म्हणाला, आहे त्यावर ताजा रंग मारून मोकळे व्हा, वाद नको. माझं माहेर टिळकवाडीतलं, सीमाप्रश्न मी घरात जेवताना ऐकत वाढले. पहिल्या गटाचं म्हणणं मला माझ्या वडिलांच्या आवाजात ऐकू येत होतं.

रंगारी धारवाडकडचे, पाट्या रंगवण्यात आयुष्य गेलेलं. ते कितीतरी वेळ बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघत बसले. मग मला जवळ बोलावलं. मराठी 'र' ची शेपटी आणि कानडी अक्षराचा वरचा तुरा, दोन्हींत कुंचला टेकवून शेवटी उजवीकडे फिरवलाय. तीच लकब, तेवढीच जाडी. "एकाच माणसाचा हात आहे, अक्का. दोन्ही लिपी येत होत्या त्याला."

त्यांचं बोलणं मी बाहेर येऊन दोन्ही गटांना सांगितलं. जो तो भिंतीजवळ जाऊन बघून आला.

ठरलं ते असं. भिंतीच्या डाव्या कडेला हातभर रुंदीचा पट्टा पायरी-पायरीने उघडा ठेवायचा, सगळ्यात वर आजचा थर, मग त्याखालचा, मग पांढरा. तिन्ही भाषांची सुरुवातीची अक्षरं त्यात दिसतील. बाकी भिंतीवर आजची पाटी आजच्या नियमाने. कुठलाही थर खरवडून टाकायचा नाही, कारण एकदा काढलेला परत लावता येत नाही. सगळे खूश झाले असं नाही. पहिल्या गटातला एक तरुण काही न बोलता निघून गेला, त्याचं मला वाईट वाटतंय.

२९ मार्च

उद्या पाडवा. कैच्या वर चढल्या. अण्णांनी आढ्याला आंब्याची डहाळी बांधली.

१७ एप्रिल

मालधक्का. छप्पर नवीन, पत्रा नाही, कौलंच. धक्क्याची उंची तशीच ठेवली. इथे पायऱ्या कराव्यात की उतार, यावर दोन दिवस गेले. शेवटी एका बाजूला उतार काढला, कारण आजी आणि तिच्या वयाच्या बायका पायऱ्या चढणार नाहीत. जुना फलाटही मीटरगेजचा, जेमतेम फूटभर उंच. आताच्या मोठ्या गाडीचे फलाट ७६ ते ८४ सेंटिमीटरचे असतात. म्हणून हा फलाट उचलून सारखा करा असाही सल्ला आला होता. इथे गाडीच थांबणार नाही तर उचलायचा कशाला? फूटभर उंची बसायला बरोबर. पर्जन्यवृक्षाची सावली दुपारी तिथेच पडते.

पॉइंट्समन मामा आज पोरांना टोकनचा गोळा समजावत होते. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधे एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनची संमती आली की यंत्रातून पोलादी गोळा सुटायचा. तो वेताच्या कड्याला अडकवलेल्या कातडी खिशात घालून धावत्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. गोळा हातात नाही तर गाडी हलायची नाही. "गोळा म्हणजे ड्रायव्हरचा परवाना. रात्री पाऊस, हातात मशाल, आणि इंजिन अंगावर येतंय. हात जरा चुकला तर खांदा निखळायचा." त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवलं तेव्हा उजवा पूर्ण वर गेला नाही.

मास्तरच्या खोलीत वस्तुसंग्रह करायचा आहे. तिथे मामांचं हे बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं, मराठीत आणि कानडीत. भायखळा स्टेशनच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. ते काम मी मुंबईला जाऊन बघितलंय, आणि दगड, लाकूड, लोखंड कसं जपायचं ते तिथून शिकले. माणसांचं कसं जपायचं ते इथे शिकतेय.

हॉटेल नको म्हटलं तरी उत्पन्नाचा प्रश्न उरतोच. गावातल्या बचत गटाच्या बायकांना तिकीट खोली दिली. चहा, आंबोळी, हंगामात काजू, फणस. भाडं दुरुस्तीच्या खात्यात जाईल. तिकिटाच्या त्याच फळीवरून चहा सरकेल.

२२ मे

पावसाने घात केला. या वर्षी तो इतक्या लवकर येईल असं कुणीच धरलं नव्हतं. वळीव म्हणावा तर थांबायचं नाव नाही. पश्चिमेच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा पाचच दिवसांपूर्वी झालाय. चुन्याला ओल लागते, पण मारा सोसत नाही. रात्री नऊपासून आम्ही सगळे, अण्णा, रंगारी, बचत गटाच्या बायका, ओली पोती भिंतीला टांगून त्यावर ताडपत्री बांधत होतो. वाऱ्याने दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बांधायला तो तरुण आला, मार्चमध्ये न बोलता गेलेला. आजही काही बोलला नाही. पहाटेपर्यंत दोर धरून होता.

आजच गोकाक रोड स्टेशनच्या नव्या रूपाचं उद्घाटन झालं, देशातल्या १०३ स्टेशनांपैकी एक म्हणून. बेळगावची नवी इमारत दोन वर्षांपूर्वी, २७ फेब्रुवारी २०२३ ला खुली झाली. गाड्या थांबतात तिथे काम होणारच, व्हायलाही हवं. न थांबणाऱ्या जागांकडे बघणारं कुणी हवं, म्हणून ही वही.

२६ मे

मोसमी पाऊस २४ तारखेलाच केरळात पोचला. ताडपत्री काढून बघितलं. गिलाव्याचा खालचा दीड हात गेला, वरचा धरला आहे. गेलेला भाग आता दिवाळीनंतरच. तोवर पोती तशीच राहतील.

६ जुलै

आषाढी एकादशी. छप्पर एकाच ठिकाणी गळतंय, पन्हळीच्या सांध्यापाशी, खाली बादली ठेवलीय. काल संध्याकाळपासून धक्क्यावर भजन चालू आहे. आजीला नातवाने उतारावरून धरून वर आणलं. पंढरपूरला जाणं आता तिला झेपत नाही.

पहाटे बारीक पाऊस होता. पलीकडच्या नव्या रुळांवरून मिरजेकडची गाडी न थांबता गेली, आजीने टाळ खाली ठेवून तिला हात जोडले, आणि पुन्हा टाळ उचलला.

उद्याची कामं: पन्हळीचा सांधा. तीन कौलं. धक्क्यावर पिण्याच्या पाण्याची दुसरी टाकी, एक पुरली नाही.